मोरचुदाची पुरचुंडी

तारापूरजवळच्या आमच्या शाळेत एकेकाळी समुद्राच्या पाण्याची टाकी होती, हे आता सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. ज्यांना आठवतं त्यांना एवढंच आठवतं की ती सडली आणि कितीतरी दिवस वर्गातून वास गेला नाही. का सडली याची दोन उत्तरं तेव्हा गावात होती. एक, शिपायाने घाण पाणी आणलं. दुसरं, विज्ञानाच्या बाईंना समुद्र कळत नव्हता. दोन्ही खोटी आहेत. खरं उत्तर मला पहिल्यापासून ठाऊक होतं. आज ते लिहायला बसलो आहे.

साठच्या दशकातली गोष्ट. वीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं आणि कामासाठी लांबलांबून कुटुंबं येऊन राहत होती. बाई अशाच एका कुटुंबातल्या, वऱ्हाडातल्या. नवरा बांधकामावर होता. बाई विज्ञानाच्या पदवीधर होत्या. आमच्याकडे तेव्हा हे अपूर्वाईचं होतं. विज्ञानाची जागा रिकामी होती, म्हणून हेडमास्तरांनी त्यांना तात्पुरतं घेतलं. मी गणित शिकवत असे. माझं घर माकुणसारला, वाडीवाल्यांचं. आठवडाभर शाळेजवळ खोली घेऊन राहायचो आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की घर गाठायचो.

बाईंनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो इथेच. एका मोठ्या ओहोटीला त्या वर्गातल्या मुलांबरोबर खडकांवर गेल्या आणि परत आल्या त्या पदर ओला आणि डोळे मोठे करून. खडकाला चिकटलेली हिरवट-तपकिरी फुलं असतात, बटणं शिवल्यासारखी दाटीने. हात लावला की मिटतात. आम्ही लहानपणापासून त्यांच्यावर पाय देऊन चालत आलो होतो. बाई म्हणाल्या, "सर, ही प्रवाळाची भावंडं आहेत. जिवंत प्राणी. आणि तुम्ही लोक त्याच्यावर चपला घालून फिरून राहिले?"

तिथूनच टाकीची कल्पना निघाली. खडक, ती बटणं, शंख, लहान मासे, सगळं जसंच्या तसं वर्गात ठेवायचं. हेडमास्तरांना ती पटली ती वेगळ्या कारणाने. शिमग्यानंतर शाळेची तपासणी होती. ते बाईंना माझ्यादेखत म्हणाले, "टाकी नीट उभी राहिली तर साहेबांना दाखवू. मग विज्ञानाची जागा तुमच्या नावाने कायम करायची शिफारस मी स्वतः करतो."

बाईंसाठी ही साधी गोष्ट नव्हती. सासरच्यांनी एकाच बोलीवर नोकरीला परवानगी दिली होती: कायम झाली तर ठीक, तात्पुरत्या नोकरीसाठी घर सोडून रोज बाहेर पडायचं नाही. हे त्यांनी मला एकदा मधल्या सुट्टीत डबा खाताना सांगितलं होतं, अगदी सहज, जणू दुसऱ्या कुणाचं सांगत असाव्यात.

दिवाळीनंतर गवंड्याने टाकी बांधली. तीन बाजू सिमेंटच्या, पुढे काच. सिमेंट मुरेपर्यंत बाईंनी तिच्यातलं पाणी पुन्हापुन्हा बदललं. मग खडक आले. शाळेत वीज नव्हती, म्हणून हवेसाठी ट्रकची जुनी ट्यूब आणली. मुलं आळीपाळीने सायकलच्या पंपाने ती भरत आणि बारीक रबरी नळीतून बुडबुडे सोडत. समुद्राचं पाणी आणायचं काम शिपायाचं होतं. ते मांगेला समाजाचे, तिथल्याच कोळीवाड्यातले, वयाने आम्हा सगळ्यांपेक्षा मोठे. बाई त्यांना भाऊ म्हणत. पहाटेच्या भरतीला बाहेरच्या खडकावरून ते डबे भरत आणि सायकलला बांधून आणत.

"बाय, मासं धरून खायाचं असतात," ते म्हणायचे. "तुमी त्यांना हवा भरताय. उद्या त्यांना बसायला पाट मांडाल."

"मांडीन भाऊ. तुमच्याच घरून आणीन."

"आमच्या घरात पाटच नाय. आमी जमिनीवर बसतो, माशांना कशाला लाडावता?"

पहिले काही दिवस टाकी इतकी सुंदर दिसायची की दुसऱ्या वर्गांतली मुलं खिडकीत लटकायची. मग काचेवर तपकिरी भुकटी धरली, दालचिनीची पूड उडवल्यासारखी. पुसली की दुसऱ्या दिवशी परत. काही आठवड्यांनी ती गेली आणि तिच्या जागी हिरवं शेवाळ आलं. आधी मखमल, मग केस. खडकांवर लांब हिरवे केस वाढले आणि बटणं त्यात दिसेनाशी झाली.

हेडमास्तर रोज दारातून डोकवायचे. "बाई, ही टाकी आहे की पालकाचं पातेलं?"

बाई शांत असत. मला त्यांनी एकदा समजावून सांगितलं होतं. नव्या टाकीत हे होणारच. खडकांबरोबर आलेलं काही मरतं, माशांना घातलेलं काही उरतं, ते कुजतं, आणि त्यावर शेवाळ पोसतं. "त्याला उपाशी ठेवायचं," त्या म्हणाल्या. "खाणं कमी, ऊन कमी. आणि शेवाळ खाणारे वाढवायचे. मग ते आपोआप हटतं. पण वेळ द्यावा लागतो, सर."

त्याप्रमाणे त्या करत होत्या. मुलं खिशातून जवळा आणून टाकीत टाकत, ते बंद केलं. जवळ्याची चिमूट फक्त बाईंच्या हाताने पडू लागली. खिडकीला गोणपाट लावलं. भाऊंकडून काळ्या शंखांच्या गोगलगायी मागवल्या आणि त्या काचेवर सोडल्या. मधल्या सुट्टीत एका काडीभोवती शेवाळाचे केस गुंडाळून काढायच्या, शेवया गुंडाळाव्या तसे. थोडं पाणी काढून तेवढंच नवं घालायच्या. डबा बहुतेक वेळा तसाच राहायचा.

तपासणी जवळ आली तरी टाकी हिरवीच होती. हेडमास्तरांचं बोलणं तिखट होत गेलं. एकदा सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, "विहिरीच्या मुलखातल्या माणसाला समुद्र सांभाळायला दिला, चूक माझीच." बाईंनी मान खाली घातली. मला ते पाहवलं नाही. खरंच पाहवलं नाही. मी जे केलं त्याची सुरुवात तिथे झाली, आणि ती सुरुवात वाईट नव्हती, एवढं मी माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

आमच्या वाडीत विहिरीचं पाणी आधी हौदात पडे आणि तिथून पाटाने केळींना, पानवेलींना जाई. हौद उन्हात. त्यात शेवाळ धरे आणि पाटात अडके. मग वडील मोरचुदाचे निळे खडे फडक्यात बांधून पुरचुंडी करत, ती काठीला लावून हौदात चार फेऱ्या फिरवत. शेवाळ पांढरं पडून तळाला जाई. हौदातल्या गोगलगायीही सुटून पडत. गोगलगाय म्हणजे वाडीची वैरी, तेव्हा त्या पडलेल्या पाहून वडील समाधानाने म्हणत, "औषध लागलं." गोगलगायी मेल्या म्हणजे औषध लागलं, हे मी चालायला शिकल्यापासून पाहत आलो होतो. वाडीत वाढलेल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल.

तपासणीच्या आधीच्या आठवड्यात येताना मी घरून मोरचूद घेऊन आलो. पिशवीत ठेवलं. बाईंना विचारावं असं रोज वाटे. विचारलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या, हेही कळत होतं. म्हणून विचारलं नाही.

त्या शुक्रवारी बाईंनीच मला हाक मारली. "सर, हे पाहा." काचेवर, हिरव्या थरातून, एका गोगलगायीने स्वच्छ वाट काढली होती, वळणावळणाची, बोटभर रुंद. काल ती दोन बोटं होती, आज वीतभर झाली, असं त्या बोटाने दाखवत होत्या. मग त्यांनी डाव्या बाजूची सिमेंटची भिंत दाखवली. खडकापासून बऱ्याच लांब तिथे एक गुलाबी डाग धरला होता, नखाएवढा.

"हे काय असेल?"

"रोग असेल," मी म्हटलं. "पानवेलीवर असा डाग पडला की आम्ही वेल छाटतो."

"रोग नाही वाटत. कडक आहे, नखाने निघत नाही. खडकांवर समुद्रात असंच असतं. पाहू."

त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी मोकळा दिसला. मी तो पाहिला आणि तरीही शनिवारी शाळा सुटल्यावर, सगळे गेल्यावर, पुरचुंडी काठीला बांधली. माझ्या मनात हिशोब सरळ होता. सोमवारी मुलं आणि मग तपासणीचे साहेब येतील तेव्हा टाकी स्वच्छ दिसेल, बाईंची जागा पक्की होईल, आणि कुणी केलं हे कुणालाच कळायची गरज नाही. गोगलगायींचा विचार आला नाही असं नाही. वाटलं, समुद्रातल्या त्या, जाड कवचाच्या, एवढ्या मिठात जगतात. त्यांना एवढ्याशा मोरचुदाने काय होतंय.

दुपारच्या उजेडात बटणं सगळी उघडी होती. पुरचुंडी जवळून गेली तशी ती एकेक रांग मिटत गेली. मला वाटलं काठीचा धक्का लागला. चार फेऱ्या मारल्या, काठी काढली आणि घरी जायला सफाळ्याची गाडी पकडली.

सोमवारी टाकी पाहून शाळा थक्क झाली. शेवाळ फिकट पडून गळत होतं, पाणी काचेसारखं. हेडमास्तर हात मागे बांधून टाकीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आता कशी! जमलं की बाई तुम्हाला." मुलं आनंदाने टाळ्या पिटत होती. मी मागे उभा राहून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

बाई एकट्या काचेजवळ वाकून आत पाहत होत्या. "सर," त्या हळूच म्हणाल्या, "बटणं उघडत नाहीत. आणि शंख काचेवरून उतरून राहिले."

मंगळवारी सकाळी गोगलगायी तळाशी उलट्या पडल्या होत्या. मऊ भाग बाहेर लोंबत होता. बटणं वितळल्यासारखी झाली होती, त्यांच्यातून पांढरं काही सुटत होतं. मासे पाण्याच्या वर तोंड काढून होते, दुपारपर्यंत तेही गेले. त्या गोगलगायी पाहिल्या आणि माझ्या कानात वडिलांचा आवाज आला: औषध लागलं. त्या क्षणी मला सगळं कळलं. उशिरा कळलं असं मी म्हणू शकत नाही.

बाई काय म्हणाल्या ते ऐका, कारण त्यांना समुद्र कळत नव्हता असं म्हणणाऱ्यांनी ते ऐकलेलं नाही. त्या म्हणाल्या, "शेवाळ आणि शंख एकदम मेले, म्हणजे कुजून नाही मेले. पाण्यातच काहीतरी आलं."

हेडमास्तरांनी हे ऐकलं आणि भाऊंना बोलावलं. "पाणी कुठलं भरलंस?"

"रोजचाच साहेब. भायेरच्या खडकावरचा, भरतीचा."

"खोटं बोलू नकोस. खाडीच्या तोंडाशी भरलंस, जवळ पडतं म्हणून. तिथे बांधकामाच्या मशिनी धुतात. तेलाचं पाणी आणलंस."

"मी खाडीचा पानी नाय आनला. आमी समुद्राची मानसं साहेब, आमाला पानी कळत नाय का?" मग ते माझ्याकडे वळले. मी पहाटे फिरायला जायचो, त्यांना खडकावर डबे भरताना मी कितीदा पाहिलं होतं. "मास्तर, तुमी तरी सांगा."

मी खिडकीकडे पाहत होतो. माझी पिशवी पायाशी होती. पुरचुंडीच्या फडक्याची निळाई तिच्यातल्या पंच्याला लागली होती.

हेडमास्तर म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

तेव्हा बाई पुढे झाल्या. "थांबा साहेब. पाणी चांगलं होतं. चूक माझी. तपासणी आली म्हणून मासे टवटवीत दिसावेत असं वाटलं, शनिवारी जवळा जास्त घातला. तो कुजला."

घातला नव्हता. त्यांची चिमूट किती असायची हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. पण भाऊंची नोकरी वाचवायला दुसरं काही हाताशी नव्हतं, आणि हेडमास्तरांना कुणीतरी चूक कबूल केलेली हवी होती. त्यांनी ती लगेच उचलली.

तपासणीच्या दिवशी रिकाम्या टाकीवर नकाशा टांगला होता. नंतर हेडमास्तरांनी मला बोलावून विज्ञानाचे तास माझ्याकडे दिले. "गणित घेताच, हेही घ्या." मी म्हणालो, "बरं साहेब." बाईंना तिसरीचा वर्ग आणि मुलींचं शिवण मिळालं. वर्ष संपल्यावर त्या यायच्या थांबल्या. मी पुढे नोकरीभर विज्ञानाचा शिक्षक म्हणून राहिलो. शेवाळाचा धडा दरवर्षी यायचा आणि मी तो शिकवायचो.

भाऊंची नोकरी राहिली, पण नाव गेलं. बाईंनी सांगितलेलं वर्गातच राहिलं, गावात पोचलं ते तेलाचं पाणी. बाजारात लोक त्यांना "खाडीवाला" म्हणू लागले. मासळी विकायला बसलेल्या त्यांच्या बायकोला गिऱ्हाईक विचारायचं, "पानी कुठला ग, खाडीचा?" आधी ते उलट टोमणा मारत, पुढे मारेनासे झाले. माझ्याशी शेवटपर्यंत नीट वागले. घंटा देताना, पत्रं आणून देताना. "मास्तर, तुमी तरी सांगा," हे पुन्हा कधी म्हणाले नाहीत. निवृत्त झाले, वारले. मी अंत्ययात्रेला गेलो होतो.

बाई मला मध्ये एकदाच भेटल्या, काही वर्षांनी, उमरोळी स्टेशनवर. बरोबर शेजारीण होती. माझी ओळख करून देत त्या तिला हसत म्हणाल्या, "मी यांच्या शाळेत समुद्र पाळला होता. पाळला आणि मारला. आम्ही विहिरीची माणसं, मला समुद्र कळलाच नाही." भाऊंना वाचवायला सांगितलेलं खोटं आता त्यांना स्वतःलाच खरं वाटत होतं, हे मला त्या हसण्यात दिसलं. आणि मीही हसलो.

मागच्या वर्षी बोईसरला शोभेच्या माशांच्या दुकानात शिरलो, पाऊस थांबायची वाट पाहत. दुकानदार उत्तरेकडचा, बोलका. कोपऱ्यात समुद्राच्या पाण्याची टाकी, काचेवर तपकिरी भुकटी, खडकांवर हिरवे केस. माझ्या तोंडून निघून गेलं, "यावर औषध काय घालता?"

"काही नाही काका," तो म्हणाला. "नई टंकी आहे. थांबायचं. तांबं-बिंबं टाकलं तर शेवाळ जाईल, आणि सगळा मालही जाईल. हा पिंक डाग दिसतो ना काचेवर? हा आला म्हणजे टंकी बसत आली, आपली आपण चालायला लागली. आता एक-दोन महिने."

पाऊस थांबला तरी मी तिथेच उभा होतो. मोरचूद म्हणजे तांबंच. ते मी वर्गात शिकवलं होतं.

बाई पालघरला मुलीकडे राहतात, हे शोधायला वेळ लागला नाही. या सगळ्या वर्षांत कधीही शोधलं असतं तरी लागला नसता. त्या खाटेवर बसल्या होत्या, कान शाबूत, गुडघे गेलेले. मुलीने चहा ठेवला आणि आत गेली. मी सगळं सांगितलं, पुरचुंडीपासून. त्यांनी मध्ये बोलून मला सोपं केलं नाही.

मग विचारलं, "तुम्ही काठी घातली तेव्हा बटणं उघडी होती?"

"होती. सगळी."

"आणि तो गुलाबी डाग? डाव्या भिंतीवरचा."

"तो टाकी बसत आल्याची खूण असते, असं दुकानदार म्हणाला."

"म्हणजे बसत आली होती," असं स्वतःशीच म्हणाल्या. चेहरा एकदा उजळला आणि लगेच उतरला. "उमरोळीला तुम्ही हसला होता, सर. तेव्हा सांगायचं होतं. तेव्हा मी तरणी होते. घरच्यांशी भांडून परत उभी केली असती टाकी."

चहावर साय धरली होती. त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "घ्या. निवून राहिला." आणि मी निघताना म्हणाल्या, "तुम्हाला लिहिता येतं. लिहा. आधी भाऊंचं लिहा, माझं मागून. त्यांच्या घरी वाचून दाखवा."

पुढच्या रविवारी तारापूरला जायचं ठरवलं आहे. भाऊंचा मुलगा त्याच घरात राहतो, नातवंडं आहेत. हे सगळं वाचायला तिथे कुणाला वेळ नसेल, म्हणून पहिल्यांदा एवढंच वाचेन: पाणी खाडीचं नव्हतं. तुमचे वडील रोज पहाटे भरतीला बाहेरच्या खडकावर जाऊन, गुडघाभर पाण्यात उभं राहून डबे भरायचे. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. पाणी चांगलं होतं. ते मी बिघडवलं.